परिचारिकेचें शिक्षण किती वर्षांचें असावें? मावळाच्या अनुषंगानें एक ऐतिहासिक विचार

परिचारिकांचा अभ्यासक्रम लांबविला म्हणजे अधिक योग्यतेच्या परिचारिका निर्माण होतात काय, हा प्रश्न सरकारी समित्यांपुढें वारंवार येतो; इतिहाससंशोधकांपुढें तो क्वचितच आला आहे. वास्तविक त्याचा निकाल लावण्यास जो पुरावा लागतो तो बहुतांशीं ऐतिहासिकच आहे. गेल्या दीडशें वर्षांत हा शिक्षणकाल सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत वाढला, मध्यंतरीं घटला, पुन्हां वाढला व पुन्हां घटला. हा चढउतार कोणत्या कारणांनीं झाला व त्याचा परिणाम रोग्याच्या खाटेपर्यंत कितपत पोंचला, हें पाहिल्याशिवाय नुसत्या तर्कानें बोलण्यांत अर्थ नाहीं.

प्रस्तुत लेखांत मावळ तालुका डोळ्यांपुढें ठेवून हा विचार केला आहे. त्याचें कारण असें कीं, या एका तालुक्यांत दोन्ही टोंकें एकत्र आलेलीं आहेत. लोहमार्गाच्या कडेला लोणावळें, खंडाळा व तळेगांव दाभाडे हीं हवा पालटण्याचीं आणि रुग्णालयांचीं ठिकाणें; लोणावळ्यास नौदलाचें कस्तुरी रुग्णालय, तळेगांवास १९९५ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय. तेथून कांहीं कोसांवरच अंदर मावळ, नाणें मावळ व पवन मावळ यांतील वाड्या, जेथें घाटमाथ्याचा दीडशें इंचांवरचा पाऊस कोसळूं लागला म्हणजे अडलेल्या बाळंतिणीला डोलींतून सडकेपर्यंत आणणें हेंच मोठें संकट होऊन बसे. पहिल्या ठिकाणीं पदवीधर परिचारिका असावी असें कोणीहि म्हणेल. दुसऱ्या ठिकाणीं, शिकलेली एखादी परिचारिका वेळेवर भेटावी, एवढीच लोकांची मागणी. अभ्यासक्रमाच्या लांबीचा प्रश्न या दोन मागण्यांच्या मध्यें सांपडलेला आहे.

शिकण्याचा काल हेंच योग्यतेचें माप धरलें तर मावळांतील जुनी सुईण सर्वांत वरच्या पायरीवर बसेल. १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत जातवार चालीरीतींचें जें विस्तृत प्रकरण आहे, त्यांत सुईणीचीं कामें ठिकठिकाणीं वर्णिलीं आहेत : नाळ कापणें, ती पुरणें, बाळबाळंतिणीस न्हाऊं घालणें, पांचवीच्या पूजेला हजर राहणें. पुष्कळ गांवीं हें काम मांग समाजांतील वृद्ध स्त्रीकडे, कोठें न्हाविणीकडे असे. आईच्या वा सासूच्या हाताखालीं वर्षानुवर्षें वावरल्यावर तिच्याकडे स्वतंत्र बाळंतपण येई. मूल आडवें आहे कीं पायाळू आहे हें तिच्या हाताला कळे, आणि ही विद्या कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु नाळ ज्या विळ्यानें कापावयाची तो आधीं उकळून घ्यावा, एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातांना हात धुवावे, हें त्या सगळ्या वर्षांत तिला कोणीं सांगितलेलें नसे. धनुर्वातानें जीं तान्हीं मुलें गेलीं व सूतिकाज्वरानें ज्या बाया गेल्या, त्या सुईणीचा अनुभव तोकडा म्हणून नव्हे. तिच्या गुरुपरंपरेंतच तें ज्ञान नव्हतें. चार आठवड्यांत शिकवितां येणारी गोष्ट जन्मभराच्या उमेदवारींत शिकविली गेली नाहीं, हा मुद्दा वाचकांनीं पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावा.

१८६० साल या दृष्टीनें बोधक आहे. बोरघाटांत लोहमार्गाचें काम तेव्हां ऐन भरांत होतें. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तो ठेका पुढें चालविला. १८६१ च्या आरंभीं बेचाळीस हजारांवर मजूर घाटांत राबत होते. पटकी, ताप व अपघात यांनीं त्यांतलीं हजारों माणसें दगावलीं. शिकलेली परिचारिका हा वर्गच त्या काळीं या देशांत निर्माण झालेला नव्हता. त्याच १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा निघाली. (याच बाईंचा पुढें पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.) पहिल्या तुकडींत पंधरा स्त्रिया होत्या व प्रत्यक्ष शिक्षणाचा काल एक वर्ष होता. त्यानंतर कांहीं वर्षें नेमून दिलेल्या रुग्णालयांत नोकरी करण्याचें बंधन असे. म्हणजे शिकण्याचा काल वेगळा व राबण्याचा काल वेगळा, असा स्पष्ट भेद मूळ योजनेंतच होता. पुढें हा भेद पुसट होत गेला आणि सर्व घोटाळा तेथून सुरू झाला असें आमचें मत आहे.

काल लांबविण्याची चळवळ विलायतेंत १८८७ सालीं ब्रिटिश नर्सेस असोसिएशनच्या स्थापनेनें जोरांत आली. तिच्या पुढारी मिसेस बेडफर्ड फेन्विक यांचा आग्रह असा कीं, तीन वर्षें रुग्णालयांत शिकलेल्या स्त्रीसच परिचारिका म्हणावें आणि तिचें नांव सरकारी पटावर चढवावें. लंडन हॉस्पिटलच्या मेट्रन मिस ल्यूक्स दोन वर्षांवर अडून बसल्या. स्वतः नाइटिंगेल पटाच्याच विरुद्ध होत्या. परीक्षा देऊन नांव नोंदविल्यानें स्वभाव व हातोटी यांची हमी मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. हा वाद तीस वर्षांवर चालला व १९१९ सालच्या कायद्यानें पट निघाला. फेन्विकबाईंच्या आग्रहांत धंद्याची प्रतिष्ठा वाढविण्याचा हेतु उघड होता, आणि तो गैर होता असें आम्हीं म्हणत नाहीं. पण तिसऱ्या वर्षांत नेमकें काय अधिक शिकविलें जाणार, यापेक्षां वर्षांच्या संख्येवरच दोन्ही पक्षांचा भर राहिला, हें नमूद करणें अवश्य आहे.

हिंदुस्थानांत शिक्षणाचा आरंभ अगदीं लहान मापानें झाला. मद्रासच्या सरकारी रुग्णालयांत १८७१ सालीं चार विद्यार्थिनींवर सहा महिन्यांचा सुईणपणाचा वर्ग निघाला. मुंबईंत कामा रुग्णालय १८८६ सालीं उघडलें आणि तेथें डॉ. एडिथ पेची यांनीं परिचारिका तयार करण्याचें काम हातीं घेतलें. १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी स्त्री जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत शिकावयास आली. मिरजेस डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाची शाळा १८९७ ची. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला आणि सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च रोजीं त्याच रोगानें गेल्या. त्यांनीं कोणताहि अभ्यासक्रम पुरा केलेला नव्हता. या उदाहरणावरून शिक्षण नको असा निष्कर्ष काढणें वेडेपणाचें होईल. पण ज्या समाजांत परक्याच्या रोग्याला हात लावणें हेंच हलकें मानलें जाई, तेथें पहिली अडचण वर्षांची नसून माणसांची होती, हें त्यावरून दिसतें.

ती अडचण पुण्यांत प्रत्यक्ष कोणीं फोडली असेल तर ती रमाबाई रानडे यांनीं. १९०९ सालीं पुणें सेवासदनाची स्थापना झाली व पुढें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. यांत विधवा पुष्कळ असत. घरच्यांचा विरोध, जातीचा विरोध, रात्रपाळीविषयीं कुजबूज, हें सर्व सोसून त्या शिकल्या. अशा स्त्रीला तीन वर्षांचा काल हा निव्वळ विद्येचा काल नव्हता. वसतिगृहाचें छप्पर, पोटाला अन्न, चार समदुःखी मैत्रिणी आणि शेवटीं स्वतःच्या नांवाची सनद, एवढें सर्व त्यांत येई. शिक्षणकाल मोजतांना ही बाजू समित्यांच्या अहवालांत येत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितली. १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुईणी व आरोग्य-अभ्यागत यांचा पट सुरू झाला. त्याची जागा पुढें १९५४ च्या व नंतर महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यानें घेतली. तीन वर्षांचें माप या पटाबरोबर आपल्याकडे स्थिर झालें, आणि तें विलायती वादांतूनच आलें असें मानण्यास हरकत नाहीं.

आतां या तीन वर्षांत होई काय? सकाळीं खाटा झाडणें, भांडीं उकळणें, पट्ट्या गुंडाळणें, स्नान घालणें, रात्रीं एकटीनें सबंध वॉर्ड सांभाळणें. यांतील प्रत्येक काम शिकण्यासारखें आहे. परंतु तें किती दिवस केलें म्हणजे शिकून होतें, हा खरा प्रश्न. शंभरावी पट्टी गुंडाळतांना विद्यार्थिनीला नवें ज्ञान मिळत नाहीं, रुग्णालयाला मात्र एक पगार वांचतो. ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणें मांडली ती अमेरिकेंत १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालानें. तेथील शाळांची तपासणी करून अहवालानें असें सुचविलें कीं, निव्वळ राबवून घेण्याचा वेळ काढून टाकला तर तीन वर्षांचा अभ्यास अठ्ठावीस महिन्यांत पुरा होईल. आणि त्याच अहवालानें, शिक्षिका व अधिकारी होणाऱ्यांकरितां विद्यापीठाच्या शिक्षणाचीहि शिफारस केली. काल कमी करा आणि शिक्षण उंच करा, हीं दोन्ही वाक्यें एकाच लेखणींतून उतरलीं. ज्यांना काल व योग्यता या एकच गोष्टी वाटतात, त्यांनीं हा अहवाल एकदां तरी पाहावा.

आपल्याकडे भोर समितीचा अहवाल १९४६ सालीं बाहेर आला. त्यांतील आंकडे आजहि वाचवत नाहींत. तीस कोटींच्या देशांत परिचारिका सुमारें सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागें एक. समितीनें १९७१ पर्यंत सात लक्ष चाळीस हजारांचें ध्येय ठेविलें, आणि हें साधण्याकरितां कनिष्ठ व वरिष्ठ असे दोन वर्ग सुचविले. माध्यमिक शाळेच्या आरंभींच थांबलेल्या मुलींना एका दारानें व मॅट्रिक झालेल्यांना दुसऱ्या दारानें घ्यावें, असा त्याचा मतलब. त्याच १९४६ सालीं दिल्लीस व वेल्लोर येथें चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं निघालें. एकीकडे पदवी व दुसरीकडे आंखूड शिक्षणाची साहाय्यक परिचारिका, अशी दुपदरी वाट येथून पडली. मावळाच्या वाड्यांच्या वांट्यास आली ती दुसरी.

ही साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, जिला खेड्यांत सर्वजण नर्सबाई म्हणतात, १९५० नंतरची. तिचा अभ्यासक्रम आरंभीं दोन वर्षांचा होता व सात-आठ इयत्ता शिकलेल्या मुलीला तेथें प्रवेश मिळे. १९७३ सालच्या कर्तारसिंग समितीनें बहुउद्देशीय आरोग्यसेवकांची कल्पना मांडली आणि तदनुसार १९७७ सालीं तो काल अठरा महिन्यांवर आणला गेला. प्रवेशाला दहावी लागूं लागली. २०१२-१३ च्या सुमारास तो पुन्हां दोन वर्षांचा झाला व प्रवेशाला बारावी आली. सामान्य परिचर्येच्या पदविकेची कथा अशीच. तिचा काल १९८० नंतरच्या दशकांत तीन वर्षें होता, २००४ नंतर साडेतीन झाला व २०१५ च्या पाठ्यक्रमानें पुन्हां तीनावर आला. सहा महिन्यांची ही येजा पाहून एखाद्या संशोधकास अधिकमासाची आठवण झाली तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

या सर्वांत १९७७ सालची घट अभ्यास करण्यासारखी आहे, कारण तिचा परिणाम दिसला. या विषयावर ज्यांनीं लिहिलें आहे त्यांचा सूर असा कीं, त्यानंतर नर्सबाईचें बाळंतपणाचें कसब ओसरत गेलें. अठरा महिन्यांत सुईणपणाच्या अभ्यासाला कात्री लागली. पण तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. नोकरींत आल्यावर तिच्या अंगावर कुटुंबनियोजनाचे आंकडे, लसटोचणी व नोंदवह्या यांचा भार पडला. जी वर्षांत मोजकींच बाळंतपणें करते तिचा हात, दोन वर्षें शिकलेली असो वा तीन वर्षें, कच्चाच राहणार. तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र, असें डोंगराळ मुलखाचें प्रमाण ठरलेलें आहे; सपाटीवर तें पांच हजार. मावळांत हीं तीन हजार माणसें एका गांवांत राहत नाहींत. तीं ओढ्यांच्या पलीकडे, धरणांच्या कांठीं, धनगरवाड्यांत व ठाकरवाड्यांत विखुरलेलीं असतात. तेव्हां नर्सबाईची योग्यता तिच्या सनदेइतकीच तिच्या पायांवर व रस्त्यावर अवलंबून राहिली, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

याच्या उलट बाजूचा पुरावाहि प्रामाणिकपणें पुढें ठेविला पाहिजे, कारण तो हलका नाहीं. अमेरिकेंतील लिंडा ऐकन व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील १६८ रुग्णालयांचा हिशेब प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें २,३२,००० रोग्यांवरून असें दिसलें कीं, पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा दहांनीं अधिक असलें, तर तीस दिवसांच्या आंत मरण्याचा संभव शेंकडा पांचांनीं कमी. २०१४ सालीं युरोपांतील नऊ देशांच्या तीनशें रुग्णालयांवरून हाच आंकडा शेंकडा सात निघाला. आतां ज्या रुग्णालयांत पदवीधर अधिक, तेथें इतर सोयीहि अधिक असावयाच्या, अशी शंका येईल. लेखकांनीं जमेल तेवढ्या गोष्टी हिशेबांत घेऊनच हे आंकडे दिले आहेत, तथापि शंका सर्वस्वीं फिटत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, पदवीचा कांहींच उपयोग नाहीं असें म्हणणाऱ्यांच्या बाजूनें या तोडीचा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं.

पण येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. युरोपांतील पुष्कळ देशांत परिचर्येची पदवी तीन वर्षांतच मिळते. तेथील संयुक्त नियमानें किमान तीन वर्षें व किमान ४,६०० तास अशी दुहेरी अट घातली असून त्यांतला निदान अर्धा काल प्रत्यक्ष रोग्यांपाशीं गेला पाहिजे असें ठरविलें आहे. म्हणजे ज्या पदवीधर परिचारिकांमुळें मृत्यु कमी झाले असें म्हणतात, त्यांतल्या कित्येकींचा काल आपल्या पदविकेइतकाच होता. फरक होता तो आधींच्या शालेय शिक्षणाचा, वाचनाचा, आणि तासांच्या मोजणीचा. शिवाय त्याच २०१४ च्या निबंधांत दुसरा आंकडा आहे, तो आपल्याकडे फारसा उद्धृत होत नाहीं : एका परिचारिकेमागें एक रोगी वाढला कीं मृत्यूचा संभव शेंकडा सातांनीं वाढतो. शेंकडा दहा पदवीधर वाढवून जें मिळवावें, तें प्रत्येकीच्या वांट्याला एक रोगी अधिक देऊन घालवितां येतें. आपल्या सरकारी रुग्णालयांतील गर्दी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

एकंदर पुराव्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, वाढविलेला काल जेव्हां शिकविण्यांत जातो तेव्हां परिचारिका अधिक योग्य होते, व तो राबवून घेण्यांत जातो तेव्हां होत नाहीं. आणि अभ्यासक्रमाच्या नांवावरील वर्षांवरून या दोहोंपैकीं काय घडलें तें कळत नाहीं. पदविका अजिबात बंद करून सर्वत्र चार वर्षांची पदवीच ठेवावी, असा विचार भारतीय परिचर्या परिषदेनें मध्यंतरीं केला होता. तो मागें पडला. तो अंमलांत आला असता तर तळेगांव-लोणावळ्याच्या रुग्णालयांस कदाचित् लाभ झाला असता. अंदर मावळांतील मुलीच्या बापाला मात्र चौथ्या वर्षाची फी व चौथ्या वर्षाचा खोळंबा हे दोन्ही जड गेले असते, आणि जी मुलगी शिकून आपल्याच खोऱ्यांत परत येण्याचा संभव सर्वांत अधिक, तीच दाराबाहेर राहिली असती. दुसरीकडे, २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतांना, आधींच शिकलेल्या परिचारिकेला वा वैद्याला सहा महिन्यांचें पुरवणी शिक्षण देण्याची रीत पडली आहे. मद्रासच्या पहिल्या वर्गाइतकाच हा काल. नेमकें जें काम करावयाचें त्याचेंच शिक्षण, हें तत्त्व त्यांत आहे. म्हणून आम्हांस ती रीत अधिक आशाजनक वाटते.

आतां संग्राहकांकरितां दोन शब्द. मोडी दप्तरें व ताम्रपट यांच्या शोधांत आपण जुन्या घरांच्या माळ्यांवर चढतों, तेव्हां गेल्या शतकांतील एखाद्या आजीची परिचर्येची सनद चौकटींत टांगलेली आढळते, आणि तिच्याखालच्या पेटींत तिच्या वह्या असतात. सनद बहुधा जपली जाते, वह्या रद्दींत जातात. वरील प्रश्नाच्या दृष्टीनें किंमत नेमकी उलटी आहे. सनदेवर वर्षें असतात. वहींत काम असतें. कोणत्या वॉर्डांत किती दिवस, कोणत्या सिस्टरच्या सहीनें, किती बाळंतपणें नुसतीं पाहिलीं व किती स्वतःच्या हातानें केलीं, हें तेथें तारीखवार सांपडतें. युरोपांत प्रसाविकेला सनद मिळण्यापूर्वीं स्वतः चाळीस बाळंतपणें करावीं लागतात. आपल्या मुलींनीं १९४० सालीं किती केलीं आणि २००० सालीं किती, याचा हिशेब या वह्यांवांचून कोणालाहि मांडतां येणार नाहीं. वडगांव, कामशेत, तळेगांव, लोणावळें या भागांत कोणापाशीं अशा वह्या असतील, तर त्यांची नक्कल करून ठेवावी. नकलेंत रोग्यांचीं नांवें गाळावीं, परंतु तारखा, गांवें व सह्या गाळूं नयेत.